वह्यांचं बाइंडिंग, अप्पा बळवंत चौक, पुणे : माझा अनुभव

आधी एक सांगते, या दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर रंगाने नुसतं ‘बुक बाइंडिंग, सर्व प्रकारचे’ लिहिलंय आणि तेही अर्धं पुसलंय, त्यामुळे मॅपवर शोधून सापडणार नाही. अप्पा बळवंत चौकात उतरायचं आणि पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत कुणालाही ‘जुनी पुस्तकं शिवून देणारे चाचा’ म्हणून विचारायचं, ते बोळ दाखवतात. मी तशीच पोचले. जिना लाकडी आहे, पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारा, मुलगा येऊन सामान वर नेतो.

माझं काम होतं सात वह्यांचं. दोनशे पानी लाँगबुक, १९९८ पासूनच्या. मी नगरची (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), प्राथमिक शाळेत बाई होते, रिटायर झाले. या वह्यांमध्ये मी चर्चच्या मासिकासाठी, महिला मंडळासाठी, कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या मातीच्या वेळी जे जे लिहिलं ते सगळं आहे. मननं, प्रार्थना, थोडे अभंग, नाताळच्या नाटुकल्या. छापून आलेलं फार थोडं, बाकी सगळं तिथंच. मागच्या पावसाळ्यात माळ्यावर गळती लागली आणि ट्रंकेत पाणी शिरलं, आम्हाला कळलं तेव्हा चार दिवस झाले होते. पहिल्या तीन वह्या शाईच्या पेनाने लिहिलेल्या, त्यांची निळी शाई पार पसरली होती. मी ट्रंक उघडली, बघितलं आणि झाकण परत लावून टाकलं. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

त्याआधी काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी यातल्याच दोन वह्या मी बांधून घेतल्या होत्या. तिथं गरम गोंद लावून झटपट चिकटवून दिल्या, दिसायला छान, तीन महिन्यांत पानं हातात यायला लागली. त्यामुळे बाइंडिंग म्हटलं की मला धास्तीच होती. मुलीने कुठून तरी या चाचांचं ऐकलं आणि म्हणाली आई एकदा दाखवून तर ये, नाही जमलं तर परत आण. मग ओल्या वह्या जुन्या साडीत गुंडाळल्या आणि एसटीने पुणं गाठलं.

चाचांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर वास घेतला. वही नाकाशी धरली, म्हणाले, “बुरशी आत्ताच धरतीय, वेळेत आणलीत.” मग एकेक पान उचलून बघायला लागले, बोट नाही लावायचे, लांब पातळ पट्टी होती बांबूची, ती पानाखाली सरकवून पान उचलायचे. पाचसहा पानं झाल्यावर विचारलं, “बाई, तुम्ही शाळेत होता का?” म्हटलं हो, कसं ओळखलं? तर म्हणे अक्षर. ओळ सोडून खाली गेलं नाही एकही, ओल्या पानातपण कळतंय. मला इतकं भरून आलं, कारण मला वाटत होतं या वह्यांमध्ये आता काहीच राहिलं नाही आणि या माणसाला पहिल्या नजरेत अक्षर दिसलं.

आता कामाबद्दल, कारण त्यासाठीच लिहितेय. गंजलेल्या पिना त्यांनी हाताने सोडवल्या, मशीन नाही, चाकू नाही. मग दर दोन पानांमध्ये टिपकागद. मला वाटलं होतं टिपकागद आता मिळतच नाही, आमच्या लहानपणी वहीच्या पहिल्या पानात एक गुलाबी तुकडा असायचा, त्यांच्याकडे गठ्ठाच होता. टिपकागद घालून वर फळी, फळीवर लोखंडी वजन, दुसऱ्या दिवशी टिपकागद बदलायचा. असं जवळजवळ तीन आठवडे. मुलगा व्हॉट्सॅपवर फोटो टाकायचा, आज इतकी पानं सुकली, आज ही फाटली होती ती पातळ कागदाने सांधली. एक दिवस फोटो आला त्यात माझं १९९९ चं गुड फ्रायडेचं मनन होतं, शाई पसरलेली पण वाचता येत होतं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते पूर्ण वाचलं आणि खरं सांगते, मला आठवेना की हे मी लिहिलंय. वाक्यं ओळखीची वाटत नव्हती. त्या वर्षी मी चौथीच्या वर्गाला दिवसभर शिकवून, घरी सासऱ्यांचं बघून, रात्री साडेदहाला लिहायला बसत होते, त्या बाईजवळ एवढं कुठून आलं? बायबलात पौल करिंथकरांना लिहितो ना, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही. हे वचन मी कितीतरी वेळा दुसऱ्यांना समजावून सांगितलंय. त्या दिवशी ते कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मला येऊन लागलं.

शिवण जुन्या पद्धतीची, जुजबंदी. म्हणजे पानांच्या छोट्या छोट्या गड्ड्या करून प्रत्येक गड्डी मधून दोऱ्याने शिवायची आणि मग सगळ्या गड्ड्या एकमेकींना बांधायच्या. माझी सुटी झालेली पानं त्यांनी आधी घडीपाशी कागदाच्या पट्टीने जोडून जोड्या केल्या, मग शिवल्या. याचा फायदा काय तर वही पूर्ण उघडते, टेबलावर ठेवली तर सपाट राहते, मध्यापर्यंतचं अक्षर दिसतं. चिकटवलेल्या वहीत ते होत नाही, दाबून धरावं लागतं आणि दाबलं की कणा तुटतो. खळ त्यांची घरची, मैद्याची, त्यात मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही. वरून जाड पुठ्ठा, पाठीला आणि कोपऱ्यांना कापड, मधे रेक्झिन. रंग मी मरून घेतला.

एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. मी विचारलं कडा कापून सरळ करणार ना, सगळे करतात तसं, छान दिसतं. चाचा नाही म्हणाले. “तुम्ही पार टोकापर्यंत लिहिलंय बाई. मशीनवर धरलं तर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर जाईल. वाकडी दिसू दे वही.” खरंच मी टोकापर्यंत लिहिते. कागद वाया घालवायचा नाही ही आईची शिकवण, ती बायबलवुमन होती, म्हणजे बायकांना बायबल सांगणारी, खेड्यापाड्यात पायी फिरायची आणि हिशोब पाकिटांच्या मागच्या बाजूला लिहायची. तर माझ्या वह्यांच्या कडा आजही खालीवर आहेत, आणि एकही अक्षर गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट चौथ्या वहीची. त्या वहीत अर्ध्यावर सगळी पानं कोरी आहेत. चाचांनी फोन केला, म्हणाले, “बाई, यात जवळजवळ नव्वद पानं कोरी आहेत, काढून टाकू का? जाडी कमी होईल, शंभरेक रुपये वाचतील तुमचे.” मी पटकन काही बोलू शकले नाही. २०११ मध्ये आमचे हे गेले, अचानक, आणि मी लिहिणं बंद केलं. चौदा महिने. वही टेबलावर असायची, पेन असायचं, मी बसायचे आणि उठायचे. पाळकसाहेब घरी आले होते, मला वाटलं आता सांगणार की लिहा म्हणून, पण ते काहीच म्हणाले नाहीत, चहा घेतला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं वाचलं आणि गेले. त्यानंतरही मी लगेच लिहिलं असं नाही. सात महिने गेले मधे. मग एका सकाळी नवीन वही आणली आणि एक ओळ लिहिली, जुन्या वहीत परत जायचं धाडस झालं नाही म्हणून ती तशीच अर्धी राहिली.

मी चाचांना म्हटलं राहू द्या. ते म्हणाले, “राहू दे म्हणता तर राहू दे, पण मग तीपण नीट शिवतो.” आणि शिवलीत. कोऱ्या पानांच्या गड्ड्यांनाही तसेच टाके आहेत, लिहिलेल्या पानांना आहेत तसेच, मी मोजून बघितले. मी इतकी वर्षं ती पानं म्हणजे माझ्या अपयशाची म्हणून बघत होते, की देवाने लिहायला बोलावलं आणि मी चौदा महिने बोलावण्याला पाठ दाखवली. आता ती वही हातात घेतली की वाटतं, त्या महिन्यांतही मी त्याच्याच वहीत होते की. त्याने मला काढून टाकलं नाही. प्रभूचे उपकार मानायचे तर मी त्या नव्वद पानांसाठी आधी मानते.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, हा शब्द आमच्याकडे लोक सहसा पाळकांसाठी वापरतात, फार तर मिशनरी नर्सेससाठी. लिहिणाऱ्या बाईला पाचारण असतं असं मी सुरुवातीला मोठ्याने म्हणायला घाबरायचे. पण नगरमध्ये वाढलेल्या माणसाला खरं तर हे कळायला हवं होतं. इथंच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक पुढे त्याचे संपादक होते. टिळकांची गोष्ट आमच्या संडे स्कूलमध्ये पाठ असायची, की आगगाडीत एक अनोळखी साहेब भेटतो, नवा करार हातात देतो, आणि त्यातून पुढे १८९५ ला बाप्तिस्मा, आणि मग ती सगळी भजनं जी आजही आपण दर रविवारी गातो. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई! लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती, आणि १९१९ ला टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं ते पूर्ण केलं कुणी, तर याच बाईंनी. मला शाळेत नोकरी होती, डीएड होतं, अंगावर पंखा होता, तरी मी म्हणत होते मला कसं जमणार. कृपा म्हणजे काय हे लक्ष्मीबाईंकडे बघून कळतं, जिच्याजवळ काही नव्हतं तिला दिलं आणि इतकं दिलं की मराठी वाचणारा प्रत्येक माणूस तिच्या ऋणात राहिला.

वह्या आणायला गेले तेव्हा येताना मी मुद्दाम रेल्वेने आले, ओझं होतं म्हणून. पुण्याहून दौंडकडे येताना केडगाव लागतं. दरवेळी लागतं, पण या वेळी मांडीवर वह्या होत्या. पंडिता रमाबाईंनी इथंच मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. छापखाना त्यांचा, आणि त्यात काम करणाऱ्या मुक्तीतल्याच बाया, ज्यांना जगाने टाकून दिलं होतं त्यांच्या हातांनी देवाचं वचन जुळवलं गेलं, छपाईचा खिळा खिळा करून. १९२१ ला रमाबाईंची मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी. आणि रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, पण त्या काम संपवून गेल्या. मी खिडकीतून स्टेशन मागे जाताना बघत होते आणि माझ्या शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती तिने विचारलं आजी तुमची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं हो गं, उपकारस्तुती चाललीय. तिला काय कळलं देव जाणे, पण तिने मला खिडकीची काच खाली करून दिली.

आणखी एक. मी ओल्या वह्या बघून दोन दिवस रडले त्यात मला बायबलातला बारूख, यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक, आठवायला हवा होता आणि आठवला नाही, नंतर आठवला. यिर्मया सांगतोय आणि बारूख लिहितोय, आणि ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जाते, हिवाळा आहे, शेगडी पेटलेली आहे, तीनचार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढं कापतो आणि विस्तवात टाकतो. सगळी गुंडाळी जाळली. मग देव काय म्हणतो, दुसरी घे आणि परत लिही. आणि बारूखाने लिहिली, शिवाय तशाच पुष्कळ गोष्टींची तीत भर पडली. ती भर पडली ही ओळ मला फार आवडते. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियस पण तसाच, मधेच डोकावतो आणि म्हणतो की हे पत्र लिहून काढणारा मी, माझा सलाम. मजकूर पौलाचा, हात त्याचा, आणि त्याला त्यात कमीपणा वाटलेला नाही. आपल्या फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य घ्या, १६१६ ला गोव्यात राचोलला छापलं, त्या वेळची छापील प्रत आज एकही सापडत नाही, आपल्यापर्यंत आलं ते कुणी कुणी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमधून. त्या उतरवणाऱ्यांची नावं आपण घेत नाही. कुणी खळ केली असेल, कुणी शिवलं असेल. मला या वर्षी त्या सगळ्यांचे आभार मानावेसे वाटतात.

बरं, कमी काय ते पण लिहिते म्हणजे कुणी फसायला नको. वेळ खूप लागतो, मला दोन महिने सांगितले होते, अडीच लागले. पाठीवरची सोनेरी अक्षरं मला तितकी आवडली नाहीत, ते पितळी अक्षरं जुळवून तापवून उमटवतात आणि मराठीचा संच त्यांच्याकडे जुना आहे, दुसऱ्या खंडावर शिरोरेषा एका ठिकाणी तुटलीय. ‘ख्रिस्त’ जुळवायला ‘ख्रि’च नव्हता, म्हणून मी पाठीवर फक्त वर्षं टाकून घेतली, १९९८ ते २००४ असं. एक वही, दुसऱ्या नंबरची, तिची मधली अकरा पानं नाही वाचवता आली, शाई पूर्ण वाहून गेली. चाचांनी ती पानंही फेकली नाहीत, निळसर झालेली तशीच शिवली. पैसे आधी अर्धे द्यावे लागतात. यूपीआय चालतं. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी दुकान बंद असतं, तीननंतर जा.

खर्च, सात वह्यांचे चार खंड झाले, सुकवणं सांधणं धरून बत्तीसशे रुपये. काही जणांना जास्त वाटेल. नवं छापील पुस्तक बांधून घ्यायचं असेल तर स्वस्तात करणारे पुष्कळ आहेत, त्यासाठी इथं जायची गरज नाही. पण आईचं बायबल असेल, आजोबांचं गाण्याचं पुस्तक असेल ज्याच्या पानापानात बोटांचे डाग आहेत, किंवा कुणाच्या हाताचं लिहिलेलं असेल, तर इथंच न्या. मी पुढच्या वेळी आईचं बायबल नेणार आहे, त्यात स्तोत्रसंहितेची पानं पार मोकळी झालीत.

पैसे देताना मी चाचांना म्हटलं, देवाने तुमच्या हाताला बरकत दिलीय, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. ते हसले नाहीत की काही नाही, दोन्ही हात पुसले आणि म्हणाले, “करा बाई. डोळ्यांसाठी करा. सुईत दोरा ओवायला आता पोरगा लागतो.” तेव्हापासून रोज करते. आमच्या महिला मंडळाच्या यादीतही घातलंय, नाव नाही घालत, ‘वह्या शिवणारे भाऊ, त्यांचे डोळे’ असं लिहिलंय, सगळ्याजणी करतात.

आणि निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, आता आठवी वही चालू असेल ना तुमची, तिच्यात डावीकडे एक बोट जागा सोडत जा, शिवायला बरं पडतं. घरी आल्यावर मी पट्टी घेऊन बसले आणि आठव्या वहीच्या उरलेल्या सगळ्या पानांना पेन्सिलने समास आखून ठेवला. एकशे बेचाळीस पानं होती.